वार्नीच्या दगडाला जागा

पार्दियो माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये बांबूचा कूड आहे, आणि तो त्याच्या सासऱ्याने घातलेला आहे. दगडाच्या माणसाने विणलेला बांबू कसा असायचा? पलीकडे कुणी पान उलटलं तरी माझ्या चुलीला कळतं. पार्दियोचं खोकणं मी झोपेतही ओळखते. त्याची बायको वार्नी होती तोवर तिचंही ओळखायची. दोघांचं खोकणं सारखंच, कारण धूळ एकच.

दगड आमच्या गावात सगळेच फोडतात. मेरापी ज्वालामुखी ओकतो, नदी वाहून आणते, आणि आम्ही त्याचे बुद्ध, बेडूक आणि कारंजी करून शहरातल्या हॉटेलवाल्यांना विकतो. मूर्ती करणाऱ्याला लोक कलाकार म्हणतात. पार्दियो कबरींवरचे दगड करतो, त्याला तोंडावर कुणी काही म्हणत नाही. मागे 'मेलेल्यांचा शिंपी' म्हणतात. लग्नाच्या पंगतीत त्याची नजर एखाद्यावर जरा जास्त वेळ राहिली, की तो माणूस ताट जवळ ओढून, दादा या अर्थाने कांग लावत म्हणतो, "कांग दियो, माप घेऊ नकोस बाबा, माझा भात व्हायचाय अजून." पार्दियो हसतो. हसताना आवाज करत नाही. आवाज केला की उबळ येते.

हा धंदा त्याने सासऱ्याकडून घेतला. म्हातारे मेंतो. मीही म्हातारीच, मलाही लोक म्बाह म्हणजे आजी म्हणतात, पण मी त्यांना म्बाह मेंतो म्हणते, कारण माझ्या लहानपणीही ते म्हातारेच दिसायचे. छिन्नी-हातोड्याच्या काळातले. त्यांच्या हाताखाली पार्दियो आला तो अनाथ पोर म्हणून. आधी दगड शिकला, मग वार्नी मागितली. म्बाह मेंतो म्हणाले, दगड नीट फोडतोस, पोरगीही नीट सांभाळशील. वार्नी आतून ओरडली होती की मी दगड नाही. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

आमची दफनभूमी गावाच्या वर, टेकडीवर. तिथे वीज नाही. मेलेल्यांना कशाला हवी, असं गावाच्या प्रमुखाचं म्हणणं. पण दगड बसवताना जागेवर थोडं तरी कापावं लागतंच. म्हणून पार्दियोने जनरेटर घेतला होता. बांबूला दोरीने टांगून एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला वार्नी, असे ते दोघं तो टेकडीवर न्यायचे. वर गेल्यावर तो कापायचा आणि ती किटलीने पाण्याची बारीक धार पात्याखाली सोडायची, धूळ उडू नये म्हणून. ही अक्कल उशिरा आली. त्याआधीची सगळी वर्षं दोघांनी कोरडंच कापलं होतं. संध्याकाळी उतरताना दोघं पिठात लोळून आल्यासारखी पांढरी दिसायची आणि मी म्हणायची, चला, भुतं आली. आरोग्य केंद्रातल्या बाईने वार्नीच्या छातीचा फोटो उजेडाला धरला तेव्हा आतही तसंच पांढरं होतं.

वार्नी गेली. बांबूचं दुसरं टोक कोण उचलणार? पार्दियोने महिनाभर जनरेटरकडे नुसतं बघितलं, मग तो विकला आणि शहरातून बिनवायरचा ग्राइंडर आणला.

तो बघायला गल्ली जमली होती. हिरवं मशीन, मनगटाएवढ्या मुठीचं, आणि मागे विटेसारखी बॅटरी खट्कन बसणारी. अशा तीन बॅटऱ्या. पार्दियो बोलत नाही सहसा, पण त्या दिवशी बोलला. जुन्या मशीनच्या पोटात म्हणे कोळशाचे दोन तुकडे सारखे घासत असतात. ते झिजतात, ठिणग्या टाकतात, धूळ खातात. याच्या पोटात घासणारं काही नाही, म्हणून हे कमी तापतं आणि तेवढ्याच बॅटरीत जास्त कापतं. मी विचारलं, मग एका बॅटरीत अख्खी कबर होते का? तो म्हणाला, लोखंडाची जाळी असती तर झाली असती, म्बाह; आपला काळा दगड बॅटरी पितो. जोर दिला की आणखी पितो. हात हलका ठेवला, पात्याला त्याच्या मनाने जाऊ दिलं, तर पुरते. आणि वापरून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर ठेवली तर चार्जर लाल डोळा मिचकावत बसतो, काही घेत नाही. आधी निवू द्यायची. तापातल्या पोराला भात भरवत नाहीत, तसं.

आणखी एक गोष्ट होती त्या मशीनची. जुनं मशीन दाबलं की कण्हायचं, पण चालत राहायचं, चालता चालता एक दिवस जळून मरायचं. हे दाबलं की गप्प बसतं. स्वतःचा जीव राखून थांबतं, आणि तुम्ही बोट काढून पुन्हा दाबेपर्यंत हलत नाही. पार्दियोने मला ते दाखवलं आणि म्हणाला, "वार्नीला असं थांबता आलं असतं तर." मग मशीन पेटीत ठेवून दिलं.

आमच्यात माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी न्येवू करतात. त्या दिवशी घरी दुआ, जेवण, आणि त्या दिवशीच मातीच्या उंचवट्यावर दगड बसतो. तोवर बसवायचा नसतो, माती खाली बसायची असते. सगळ्या गावाचे दगड पार्दियोने बसवले. आता वार्नीचा त्याने स्वतः घडवला. काळा, साधा, कडेला एकच रेघ. नाव मात्र खोल कोरलं, बोट जाईल इतकं. ते म्बाह मेंतोंसाठी. त्यांच्या डोळ्यांत केव्हाच मोतीबिंदू उतरलाय आणि पावसाळ्यापासून पेजेशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. जगण्याचं एकच काम त्यांनी ठेवलं होतं. "लेकीचं नाव हाताने वाचतो," ते मला म्हणाले होते, "मग मला जिथे न्यायचं तिथे न्या. भांडणार नाही." आणि त्यांच्या घशातली घरघर ऐकून मला वाटत होतं की न्येवूपर्यंत हे पोचले तरी पुष्कळ.

न्येवू सुरो महिना संपल्यावर लगेच आला. त्या सकाळी घरी बायका आपेम, म्हणजे तांदळाची धिरडी, भाजत होत्या. मी त्यांच्यात बसणार होते, पण पार्दियो कुडापाशी येऊन म्हणाला, "म्बाह, किटली धराल का?" कोणती किटली ते विचारायची गरज नव्हती. मी पदर खोचला आणि टेकडी चढले. माझे गुडघे त्या दिवशी माझ्याशी बोलत नव्हते.

वर पोनिमन होता, दफनभूमीचा राखणदार. चार जणांनी दगड वर आणला होता. म्बाह मेंतोंना एकाने पाठीवर आणलं, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वार्नीच्या आईच्या कबरीपाशी चाफ्याच्या झाडाखाली बसवलं. वार्नीला आईच्या शेजारीच ठेवलंय. आईचा दगड पांढरा, मऊ, म्बाह मेंतोंनी तरुणपणी छिन्नीने केलेला. त्याच्या काठावरून कमळाच्या पाकळ्यांची एक ओळ गेलीय. ती ओळ बघायला परगावचे कारागीर यायचे. म्हातारे दर भेटीत ती बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपतात, जपमाळ ओढल्यासारखी.

दगड खाली ठेवायला गेले आणि तो बसेना. पार्दियोने माप बरोबर घेतलं होतं. टेकडीच सरकली होती. गेल्या पावसात आईचा दगड लेकीच्या बाजूला कलला होता आणि वार्नीच्या दगडाला दोन बोटं जागा कमी पडत होती. दगड तिरका ठेवायची सोय नाही, कबर उत्तर-दक्षिणच लागते. म्हणजे काळ्या दगडाची एक अख्खी बाजू उभी कापायची.

पोनिमन म्हणाला, "मेलेल्यांचा शिंपी, आणि बायकोचाच कपडा तंग?"

पार्दियोने तोंडाला मास्क बांधला, म्हाताऱ्यांच्या नाकावर ओला पंचा बांधला, माझ्याही बांधला, आणि पहिली बॅटरी बसवली. मी धार सोडली. मशीन गेलं छान, दगडात बोटभर गेलं. आणि थांबलं. त्याने बोट काढलं, पुन्हा दाबलं. मशीनने तीनदा टुकटुक केलं आणि गप्प. बॅटरीवरचे दिवे आदल्या दिवशी सगळे हिरवे होते, मी पाहिले होते. आता एकही नव्हता.

दुसरी बसवली. ती तेवढंही गेली नाही.

"तुझं मशीन व्याह्यासारखं दिसतंय," पोनिमन म्हणाला. "आलं, बसलं, आता उठेना." मग त्याचाही आवाज उतरला. तो म्हणाला की पाणी गेलं असेल आत, कांग दियो, कोरडं काप, आज एक दिवस.

"कोरडं नाही."

"अरे, एक दिवस."

"तिच्यावर कोरडं नाही," पार्दियो म्हणाला.

मशिदीचा जनरेटर आणायला एक जण खाली पळाला, आणि वर आला तो हात हलवत. तो उघडा पडलाय, मिस्त्री त्याचे तुकडे मांडून जेवायला गेलाय. दुसऱ्याने एक बॅटरी खाली नेली, तर घरून निरोप आला की चार्जर लालच मिचकावतोय. ऊन चाफ्याच्या खाली यायला लागलं. खाली भात शिजला होता, दुआला माणसं जमत होती, आणि दगड मातीवर आडवा पडून होता. म्हातारे सारखं विचारत होते, बसला का? मी सांगत होते, बसतोय.

पार्दियो थोडा बाजूला गेला, मेलेली बॅटरी हातात घेऊन. मी किटली भरायच्या निमित्ताने त्याच्यामागे गेले. त्याने बॅटरी उलटी केली. जिथे ती मशीनला चिकटते तिथल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी आल्यासारखं होतं. वारा जायला ज्या फटी असतात, त्यांतल्या एकीत काहीतरी अडकलं होतं. त्याने नखाने ओढलं. गुलाबाची पाकळी. आजची नव्हे, वाळून तपकिरी झालेली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. सुरो महिन्यात घरातली हत्यारं न्हाऊ घालतात. कुणाच्या घरी क्रिस, ती नागमोडी कट्यार, असते, कुणाच्या घरी भाला. दगडवाल्यांच्या घरी छिन्न्या. फुलांचं पाणी, त्यात लिंबू पिळलेलं. आमच्या गल्लीत हे काम म्बाह मेंतोंचं, आणि त्यांच्याशिवाय कुणी केलं तर ते रुसतात. या सुरोत पार्दियो नदीवर दगड निवडायला गेला होता. म्हाताऱ्यांनी पेटीत हात घालून एकेक हत्यार काढलं असणार, चाचपलं असणार, आणि जावयाचं नवं हत्यार हाताला लागल्यावर त्याचा जास्तच मान ठेवला असणार. बॅटऱ्याही. अगदी आतपर्यंत. वार्नी असती तर तिने पहिल्या शिंतोड्याला किंचाळून मशीन उचललं असतं. मग ते सगळं उन्हात वाळवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्यांनी जागच्या जागी ठेवलं, आणि सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पार्दियोने पाकळी मुठीत बंद केली. परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला."

पोनिमनने दुकानदाराच्या घराण्याचा उद्धार केला. दफनभूमीत शिव्या देत नाहीत, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. म्हातारे मात्र हात पुढे करून म्हणाले, "बघू."

"गरम आहे, बापाक. भाजेल."

"माझ्या बोटांना आता काय भाजतंय. दे."

पार्दियोने देण्याआधी त्या हिरव्या पट्ट्यांवरून सदऱ्याची बाही फिरवली. मी पाहिलं. तरी पोपडे राहिलेच. म्हाताऱ्यांनी बॅटरी मांडीवर घेतली, उलटी केली, आणि ज्या बोटाने कमळ वाचायचे ते बोट फटींवरून फिरवलं, पट्ट्यांवरून फिरवलं. एकदा नाकापाशी नेली. चाफ्याचं एक फूल त्यांच्या खांद्यावर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही.

"एक उरली आहे ना?" त्यांनी विचारलं.

तिसरी उरली होती. तिच्यावर दोन दिवे होते, त्यांतला एक थरथरत होता. ती पेटीच्या अगदी तळाशी असायची, म्हणून कमी न्हाली असावी. पार्दियोने खरं ते सांगितलं. काळ्या दगडाची बाजू एवढ्यात होणार नाही, निम्म्यातच सोडेल.

"मग काळा कापू नकोस," म्हातारे म्हणाले. "पांढरा काप."

कुणाला कळलं नाही. मला कळलं आणि माझी किटली कलली.

"आईचा काठ काप. मऊ दगड आहे, लोण्यासारखा जाईल. दोन बोटंच हवीत ना?"

"बापाक, त्यावर कमळ आहे."

"माहीत आहे. मीच केलंय." ते थांबले. घरघर ओसरल्यावर पुढे म्हणाले, "लेक आली म्हटल्यावर ती बाई सरकलीच असती. आता तिला जमत नाही, तर तू सरकव."

पार्दियो उभाच राहिला. त्याच्या सगळ्या कामात मी त्याला दगडासमोर असं उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. मग तो सासूच्या कबरीपाशी गुडघ्यांवर बसला, हात जोडून काही पुटपुटला, आणि बॅटरी बसवली.

त्याने दाबलं नाही. मशीन नुसतं धरलं, घसरत्या पोराला धरावं तसं, आणि पातं आपल्या मनाने जाऊ दिलं. मी धार सोडली, पात्यावर नाही, त्याच्या पुढे, वार्नी सोडायची तशी. पांढरं पाणी माझ्या पायांवरून वाहायला लागलं. थोडं कापायचा, थांबायचा, मशीनचा श्वास ऐकायचा, पुन्हा थोडं. एक दिवा विझला. एकेक पाकळी चिखलात पडत होती आणि ती पडल्याचा आवाज होत होता, मशीनच्या आवाजातही. म्हातारे मान खाली घालून बसले होते, ओठ हलत होते. दुआ म्हणत होते की पाकळ्या मोजत होते, मला ठाऊक नाही. शेवटच्या दोन पाकळ्या उरल्या असताना मशीन थांबलं. टुकटुक. पार्दियोने बॅटरी काढली, हिरव्या पट्ट्या नखाने खरवडल्या, पुन्हा बसवली. ती पुन्हा लागली. का लागली ते मला विचारू नका. दोन पाकळ्यांपुरती लागली आणि मग कायमची गेली.

दगड बसला. आई आणि लेक आता इतक्या चिकटून आहेत की मध्ये नख जात नाही.

म्हाताऱ्यांना वार्नीपाशी नेलं. त्यांनी नाव वाचलं, एकेक अक्षर, परतून पहिल्यापासून पुन्हा. म्हणाले, खोल आहे, पावसाने जाणार नाही. मग हात सवयीने पलीकडे गेला, बायकोच्या काठावर. तिथे पाकळ्या नव्हत्या, नुसती सपाट ओली धार होती. हात तिथे एकदा थबकला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, चला, लोक जेवायचे थांबलेत.

दुआला पार्दियो शेवटच्या ओळीत बसला. आपेम त्याने एकच खाल्लं. लोक दुकानदाराला शिव्या देत होते आणि तो मान हलवत होता. त्याने नंतर पाकळी कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

म्बाह मेंतो मात्र गेले नाहीत. नाव वाचून झालं की न्या म्हणणारा माणूस पुढचा सगळा पाऊस जगला. मी चिडवलं की शब्द मोडलात. म्हणाले, बोलवायला अजून कुणी आलं नाही. गेलं ते पार्दियोचं बळ. त्याने नव्या बॅटऱ्या घेतल्या, कामं घेतली, पण टेकडी चढताना आता वाटेत बसतो, आणि त्याला उठवायला पोनिमनही चेष्टा करत नाही. कुडातून खोकणं येतं ते आता कोरडं नाही, ओलं येतं. आरोग्य केंद्रात जा म्हटलं की म्हणतो, फोटोत काय दिसेल ते मला माहीत आहे, म्बाह.

परवा पुन्हा सुरो आला. या वेळी पार्दियो नदीवर गेला नाही. म्हाताऱ्यांपुढे फुलांच्या पाण्याची परात ठेवली, लिंबू पिळलं, आणि सगळी हत्यारं त्यांच्या उजव्या हाताला मांडली. मशीनही मांडलं, बॅटऱ्यांसकट. का मांडलं? मांडलं नसतं तर म्हाताऱ्यांना कळलं असतं की त्याला कळलंय. मी दारात तांदूळ निवडत बसले होते आणि माझे हात थांबले.

म्हातारे एकेक छिन्नी परातीत बुडवत होते, चोळत होते, पुसत होते. मग हात मशीनला लागला. त्यांनी ते उचललं, परातीपासून लांब धरलं, आणि मांडीवर घेतलं. कोरड्या फडक्याने पुसायला लागले. बॅटऱ्याही तशाच, एकेक, बोटाने फटी चाचपून.

"याला अंघोळ नको," ते म्हणाले. "लहान आहे अजून. बाधतं त्याला."

"हो, बापाक," पार्दियो म्हणाला.

आणखी काही बोलणार होता बहुतेक, पण उबळ आली. तोंडावर हात धरून तो घरामागे गेला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. ते संपेपर्यंत म्हाताऱ्यांच्या हातातलं फडकं हललं नाही.